सात झाडं आणि एक लाइन

"बसा. आधी पाणी प्या, मग शिव्या द्या."

तक्रार घेऊन तणतणत आलेल्या माणसाला आमच्या मॅडम असं म्हणायच्या आणि पाण्याचा ग्लास स्वतःच्या हातानं पुढे सरकवायच्या. पाणी पिता पिता शिव्या देता येत नाहीत, तुम्हीही करून बघा. अर्धा ग्लास संपेपर्यंत माणूस "अहो मॅडम, तसं नाही"वर आलेला असायचा.

कोथरूडच्या बाजूला आमचं विजेचं सरकारी कार्यालय होतं. मी तिथे टायपिस्ट, त्या उपअभियंता. मूळच्या लोणी काळभोरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. वडिलांच्या विहिरीवर मोटर होती आणि लाइट कधी येणार हे गावात कुणालाच ठाऊक नसायचं. शाळेतून आलं की मोटरपाशी बसून लाइटची वाट बघायची, हे यांचं काम. "मी इंजिनियर झाले ते अभ्यासानं नाही गं, वाट बघून बघून," असं मला एकदा म्हणाल्या होत्या.

एक पिठाच्या गिरणीवाले दर महिन्याला यायचे. दर वाढवू नका, लाइट घालवू नका आणि माझ्या दारातल्या झाडाला हात लावू नका, अशा त्यांच्या तीन मागण्या. मॅडम शांतपणे ऐकायच्या.

"तिन्ही बरोबर आहेत हो," त्या म्हणायच्या. "फक्त या तिघी एकमेकींशी बोलत नाहीत. मला मध्ये बसून बोलणी करावी लागतात."

ही बोलणी किती जड असतात, ते मला त्या वर्षी कळलं.

गिरणीच्याच गल्लीत रेन ट्रीची सात मोठी झाडं होती आणि त्यांच्या फांद्यांमधून आमची लाइन गेली होती. जरा वारा सुटला की फांदी तारेला लागायची आणि गल्ली अंधारात. शेवटी रहिवाशांनी झाडं तोडण्याचा अर्ज केला. गिरणीवाल्यांनीही सही केली. केली नाही ती एका निवृत्त मास्तरांनी. त्यांना सगळे सर म्हणत. खरं तर लाइटची सर्वांत जास्त गरज त्यांनाच होती. त्यांच्या पत्नीला घरी ऑक्सिजनचं यंत्र लागायचं, आणि ते विजेवर चालायचं.

वळवाच्या एका दुपारी फांदी मोडली, तार तुटली. चार तास लाइट नव्हती. सरांच्या घरातला जादा सिलिंडर संपत आला, तेव्हा बाईंना रिक्षात घालून हॉस्पिटलात न्यावं लागलं. जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर कार्यालयात आले. आवाज चढवला नाही. मॅडमनी पाणी पुढे केलं, त्याला हात लावला नाही.

"मॅडम, त्या अर्जावर गल्लीतल्या एकट्या माझीच सही राहिली होती. आत्ता करून आलोय."

एवढंच बोलून ते गेले. मॅडम कितीतरी वेळ त्या भरलेल्या ग्लासाकडे बघत बसल्या.

मोठ्या साहेबांनी त्याच दिवशी बोलावून घेतलं. मी टिपणं घ्यायला सोबत होते.

"झाडं धोकादायक आहेत, असं दोन ओळींचं पत्र द्या. महापालिका तोडेल. विषय संपला," साहेब म्हणाले.

"धोकादायक एकच आहे, साहेब. ते आतून पोकळ झालंय. बाकी सहा आपल्या तारांच्या आधीपासून तिथे आहेत."

"मग काय, केबल जमिनीखालून नेता? तो खर्च शेवटी लोकांच्या बिलातच येणार. दर वाढला की हेच लोक मोर्चा घेऊन येतील."

"आणि ते बरोबरच असेल त्यांचं," मॅडम म्हणाल्या. "मला पंधरा दिवस द्या."

बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं काम सरांचं केलं. मागच्या गल्लीतून दुसरी लाइन जात होती. तिच्यावरून सरांच्या इमारतीला जोडणी देता येण्यासारखी होती. तिला तेवढाच भार झेपत होता. संध्याकाळच्या आत वायरमनकडून ती जोडून घेतली. मग स्वतः सरांच्या घरी गेल्या. मी दारात उभी होते.

"हे मला आधी सुचायला हवं होतं, सर," त्या म्हणाल्या. "झाडांच्या मागे लागले आणि तुमचं राहून गेलं."

 सरांनी खुर्ची पुढे केली.

पोकळ झाडाच्या पत्रावर मॅडमनी सही केली. ते तोडलं, तेव्हा सबंध वेळ भर उन्हात तिथे उभ्या होत्या. "सही माझी आहे, बघायलाही मीच पाहिजे."

मग एका रविवारी मला म्हणाल्या, "चल गं, टेपचं टोक धर." आम्ही दोघींनी गल्ली मापली. समोरच्या फुटपाथावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा होत्या. मॅडम थबकल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, महापालिका तिथे ड्रेनेजची नवी पाइपलाइन टाकणार होती.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. "अगं, केबल महाग नाही, खणलेला रस्ता पुन्हा करून देणं महाग आहे! ते खणतीलच. बुजवण्याआधी एका कडेनं आपली केबल टाकू. झाडांची मुळंही या बाजूला नाहीत."

पुढचे आठ दिवस त्या दोन्ही कार्यालयांत हेलपाटे घालत होत्या. पंधरा दिवसांची मुदत उलटून गेली, साहेबांचं खुलासा मागणारं पत्र आलं. ते मीच टाइप केलं होतं. मंजुरीही आली. आणि त्याच आठवड्यात मॅडमची बदलीही.

केबल सुरू झाली ती त्या बदलून गेल्यावर. वायरमननी जुन्या तारा उतरवल्या, तसा मी मॅडमच्या नव्या कार्यालयात फोन लावला.

"झाडं?" त्यांनी विचारलं.

"सहाही आहेत."

"आणि सरांच्या बाई?"

"आहेत. काल गॅलरीत बसल्या होत्या."

पलीकडे ग्लास सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बरं, ठेव आता. इथे दहा माणसं उभी आहेत."

निवृत्तीनंतर त्या लोणीला भावाकडे राहायला गेल्या. फार वर्षं लाभली नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा दहावा होऊन गेला होता. भर दुपार, गावात भारनियमन, पडवीत जीव घुसमटत होता. त्यांचे भाऊ वर्तमानपत्रानं मला वारा घालायला लागले.

"एक फोन केला असता तर हितली लाइट कवाच आली असती," ते म्हणाले. "समदे वळखीचे हायती तिच्या. पण शेवटच्या आजारपणातबी करू दिला नाही. गावाला येईल तवा आपल्याला येईल, म्हणायची."

मी त्यांच्या हातातून वर्तमानपत्र घेतलं आणि त्यांना वारा घालू लागले. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, लाइटची वाट बघत.