नऊ पिशव्या जंगलाची माती

आता माझी ही करामत कोणत्या तोंडानं सांगू? पण चहा तुमचा पितोय, तेव्हा सांगावीच लागेल.

माझी भाची रेणू अकोल्याला संशोधन करते. मानोऱ्याकडच्या जंगलात दोन दिवस उकरून तिनं नऊ पिशव्या माती आणली आणि वाशिमला आमच्या फ्रिजमध्ये ठेवली. तिचा अख्खा प्रबंध त्या मातीवर अडलेला!

"मामा, परवा बर्फाची पेटी घेऊन येते. तवरिक सांभाळा. झाडं हवेतला कार्बन घेतात, अन् तो मातीत..."

"माहीत हाये मले!" बत्तीस वर्षं कारकुनी करता करता मी वाचनालय संपवलेलं. मला कार्बन ही पोर शिकवणार?

"पुढचं तं आयका, मामा..."

"जाय तू. बस सुटून जाईन."

गेली बिचारी.

दुसऱ्या दिवशी सहज एक पिशवी उजेडात धरली, तर मातीत पांढरे तंतू! दुसरीत तेच. नऊच्या नऊ पिशव्यांत बुरशी! पोरीची माती नासली की हो!

सौ. म्हणाली, "अहो, फोन करून इचारा तिले."

"कायले? पोरीचा जीव घाबरा करायले? सोयाबीनच्या बियाण्याले लावतो ते औषध कुठं हाये?"

पेरणीतून उरलेलं बुरशीनाशक होतंच. हातमोजे घालून मी ते नऊही पिशव्यांत चोळलं. माती गच्चीवर दिवसभर कडक उन्हात वाळवली. तरी उरलेले तंतू चिमट्यानं वेचले. मग प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी डकवली: 'तपासणी केली. बुरशी आढळली. समूळ नष्ट केली.' खाली सही, तारीख. काम असं असावं!

रेणू आली. चिठ्ठी वाचली आणि एकेक पिशवी उघडून बघू लागली.

"मामा, हे काय केलं तुमी?"

"आभार मंग मान. आधी चहा घे."

"आभार? अहो, हे बुरशी झाडाच्या मुळाले धरून राह्यते! झाड तिले साखर देते, अन् त्यातला कार्बन ते मातीत मुरवते. मी तिच्यावरच तं प्रबंध लिहून राह्यली!"

"मी म्हणत होती, फोन करा," सौ. स्वयंपाकघरातून.

नाकबूल करायची सोय नव्हती. नऊ ठिकाणी माझी सही!

दुसऱ्या दिवशी त्याच जंगलात कुदळ माझ्या हातात होती. रेणू सावलीत बसून ओरडत होती, "हळू, मामा! तंतू तुटतात!"

नव्या नऊ पिशव्या भरल्या. अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मलाच लिहायला लावल्या. मजकूर तिचा: 'मामापासून दूर ठेवावे.'

नऊही लिहिल्या. आणि सवयीनं प्रत्येकीखाली सही ठोकली.