तोकड्या शेपटीचं यीस्ट

रविवारी सकाळी वळसंगहून शशीच्या भावाचा फोन आला. “मॅडम, ताई गेली... झोपेतच.” मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. आदल्या संध्याकाळी कॉलेजातून गावी निघताना ती मला म्हणाली होती, “उद्या येतेच गं. तोवर माझ्या पोरांवरचं पोतं ओलं राहील.”

पोरं म्हणजे यीस्ट. शशी जीवशास्त्र शिकवायची, मी रसायन. प्रयोगशाळा शेजारी शेजारी. पेशीत जनुकाची आरएनए प्रत काढणारं एक यंत्र असतं, आरएनए पॉलिमरेज. त्याला लांब शेपूट असते, आणि प्रत बाहेर पडत असतानाच ती कातरून नीट करणारी प्रथिनं त्या शेपटीला धरून बसलेली असतात. शशीने यीस्टमधली ती शेपूटच तोकडी केली होती. “बसायला जागा कमी पडली की आधी कोण सुटतं, तेवढं बघायचंय,” म्हणायची. या एका प्रश्नापायी तिने घरात लग्नाचा विषय काढू दिला नाही. मला तिचा रागच यायचा.

त्यात या तोकड्या शेपटीच्या यीस्टला उष्णता सोसत नाही, आणि बाईसाहेब ते वाढवणार सोलापुरात! फ्रीज बिघडला, अर्ज केले, नवा काही आला नाही. मग तिने माठाला टेकवून यीस्टच्या काचेच्या प्लेटा रचल्या आणि वर ओलं पोतं टाकलं. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची, सुट्टीतही यायची. “संशोधन करतेस की भाजी टिकवतेस?” मी चिडवायचे.

तिला शेतातच माती दिली. ते दिवस आम्ही सगळे वळसंगलाच जाऊन-येऊन होतो. प्रयोगशाळेची किल्ली तिच्या पर्समध्ये होती, पर्स घरातल्या कपाटात. दार उघडलं तेव्हा पोतं वाळून कडक झालं होतं. त्याखालचं यीस्ट नव्या प्लेटांवर लावून मी वाट पाहिली... एकही ठिपका उगवला नाही. तिची जागाही आता भरणार नाहीत म्हणतात.

परवा तिच्या आईचा फोन आला. “बाई, शशीचं ते पोत्याखालचं हाय न्हवं? लई जीव हुता तिचा त्याच्यावर. पानी मारताय न्हवं?”

“व्हय आई, मारते की.”

तेव्हापासून रोज वर्गावर जाण्याआधी मी ते पोतं ओलं करते. खाली जिवंत असं काहीच नाही.