बिजलीबाईचं प्रवेशगीत

बिजलीबाई राठोडला मी चाळीस वर्षं ओळखतो, आणि एकदा तिच्या विरोधात हातही वर केला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी तेव्हा कुठल्या बाजूला होतो ते कळेल.

पुसद तालुक्यातल्या आमच्या गावात छोटं कॅथलिक चर्च आहे. मी इथल्याच शाळेत शिकवलं, निवृत्त झालो आणि आता चर्चच्या समितीचा सचिव आहे. बिजलीबाई दोन किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यात राहते. तिचा नवरा खेमसिंग धर्मशिक्षक होता. फादर महिन्यातून एकदा यायचे त्या काळात हा सायकलवर तांडे फिरून प्रार्थना घ्यायचा. बायका यायच्या, पण गप्प बसायच्या. छापील गीतांचं पुस्तक त्यांना वाचता येत नव्हतं. बिजलीबाईलाही येत नव्हतं.

मग तिनं होळीतल्या लेंगी गाण्यांच्या चाली उचलल्या आणि त्यांवर येशूच्या गोष्टी तांड्याच्या गोरबोलीत बांधल्या. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपतो, त्या गाण्यात तिची मरिया तांड्यातल्या कुठल्याही याडीसारखी, म्हणजे आईसारखी, लेकाला दम देते. एका बाईनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, काशाची थाळी वाजवायची. पुस्तकाची गरजच नाही. खेमसिंग वारला तरी गाणी चालू राहिली. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, सुरू होताना फादर दारातून वेदीकडे चालत जातात, तेव्हाचं प्रवेशगीत चौतीस वर्षं तिच्या आवाजात सुरू झालं.

तीन वर्षांपूर्वी वसईकडचे फादर नेल्सन आले. पस्तिशीचे, चपळ. पहिल्याच रविवारी त्यांनी मला डोकी मोजायला लावली. एक्केचाळीस भरली आणि त्यातली तीसेक पन्नाशीपुढची.

"आपली पोरं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांना माहीत होतं. शहरात एका हॉलमध्ये नवं प्रार्थना केंद्र निघालं होतं. तिथं गिटार होती, ड्रम होते, रंगीत लाइट होते. बिजलीबाईची नात बबितासुद्धा दर रविवारी मैत्रिणीच्या स्कूटीवर तिकडेच जायची. फादर रागावले नाहीत. एका संध्याकाळी ते स्वतः तिथं जाऊन मागं उभे राहिले आणि परत येऊन समितीला म्हणाले, "तिथं पोरं डोळे मिटून गातात. रडतात. आपल्याकडे जांभया देतात."

महिनाभरात कीबोर्ड आला, ड्रम आले, मोठे स्पीकर आले, भिंतीवर पडदा लागला. यवतमाळहून चार मुलं शिकवायला येऊ लागली. हिंदी गाणी, थोडी मराठी, शब्द पडद्यावर. बबिता परत आली आणि चार महिन्यांत कीबोर्ड वाजवायला लागली. नाताळपर्यंत माझ्या वहीत एक्केचाळीसचे शहाण्णव झाले. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

फादर बिजलीबाईला म्हणाले, "बाई, तुम्ही खूप केलंत. आता आराम करा."

"थकलं कोन, फादर?" ती म्हणाली. "मी तं नाही थकली."

फादर हसले. त्यांना वाटलं, विषय मिटला.

फेब्रुवारीत एका रविवारी तिनं मला फाटकाशी गाठलं. "मास्तर, दर हप्त्याले मोजून राह्यले ना? मंग सांगा, हंसाबाई काहून नाही आली?"

मला माहीत नव्हतं.

"पडद्यावरचं वाचता येत नाही तिले. अंदाजानं तोंड उघडलं तं बाजूची पोरगी वळून हासली. ते म्हनते, मी घरीच बरी. तांड्यातल्या अशा चौदा बाया बंद झाल्या. तुमच्या वहीत हाये का हे?"

वहीत नव्हतं. एवढ्या नव्या डोक्यांत चौदा जुनी गेलेली दिसलीच नव्हती.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन झालं, सगळे गुडघ्यांवर होते, बँड थांबला होता. त्या शांततेत बिजलीबाई उभी राहिली आणि माइकशिवाय गायला लागली. फादर वेदीपाशी डोळे मिटून उभे राहिले. मिस्सा संपल्यावर मात्र ते तिला म्हणाले, "मिस्सेत शिस्त असते, बाई."

"शिस्त हाये म्हनूनच बँड थांबेपर्यंत थांबली मी."

घरी बबिता लाजेनं लाल झाली होती. त्या दोघींचं भांडण तिनंच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "आजी, तुह्या गान्यासाठी मी कधीच परत आली नसती."

"माहीत हाये मले," आजी म्हणाली. "अन तुह्या बाज्यासाठी हंसाबाई येनार नाही. मंग चर्चातून कोनाले काढाचं, थे तूच सांग."

आजी दुसऱ्या रविवारीही गायली, तिसऱ्याही.

समितीची सभा बोलावली. फादरांनी मधला मार्ग मांडला. महिन्यातला एक रविवार पारंपरिक. तांड्यातल्या बायकांनी आरशांचा घागरा, कांचळी घालून यावं, गावं. इतर रविवारी ठरलेल्या गायनमंडळाशिवाय कोणी गायचं नाही. आम्हाला ते उदार वाटलं.

बिजलीबाई दाराशी उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. "मी काय सव्वीस जानेवारीच्या गाडीवर उभी राहाची बाहुली हाव? महिन्यातून एक डाव सजाचं, फोटो काढू द्याचा, अन बाकीचे रविवार तोंड शिवून बसाचं? माह्या नवऱ्यानं सायकलवर फिरून फिरून हे चर्च भरवलं. तवा तुमचा पडदा कुठी होता?"

मतदान झालं. आठांपैकी सात हात वर गेले. त्यांत माझा होता.

ती माझ्याकडेच पाहत म्हणाली, "हात खाली घ्या मास्तर. किती वेळ धरान?"

सभेनंतरच्या पहिल्याच रविवारी मी चर्चच्या पायरीवर उभा होतो. सकाळी आठची मिस्सा. रस्त्यावरून थाळीचा आवाज आला. पुढं बिजलीबाई, मागं हंसाबाई आणि बाकीच्या, चौदाच्या चौदा. अंगावर रोजचीच लुगडी होती. तांड्यापासून दोन किलोमीटर गात आल्या होत्या आणि थांबायचं लक्षण नव्हतं. आत बँडनं प्रवेशगीत सुरू केलं, तेवढ्यात या दारातून गातच शिरल्या. फादर झगा घालून दाराशी तयार होते. या त्यांच्या पुढून गेल्या.

दोन गाणी एकमेकांवर आदळली. भयंकर गोंधळ झाला. ड्रमवाला जोर लावत होता. मग बबितानं कीबोर्डवरून हात उचलले आणि त्याला म्हणाली, "थांब." तो थांबला. बायकांनी गाणं पूर्ण केलं. फादर त्यांच्या मागून वेदीपर्यंत चालत गेले.

नंतर ते तिला स्पष्टच म्हणाले, "मी तुमच्यावर रागावलोय."

"रागवा. पन पुढच्या रविवारी आमी अशाच येऊ."

त्या आल्या. सलग पाच रविवार आल्या. सहाव्याला फादरांनीच जाहीर केलं की प्रवेशगीत दर रविवारी बायकांचं राहील, बाकीची गाणी बँडची. मी माझा हात चुकल्याचं समितीत बोलून दाखवलं. अध्यक्ष अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

सगळं गोड झालं असं नाही. थाळीचा आवाज नको म्हणून काही पोरं पुन्हा शहरातल्या हॉलमध्ये गेली. ड्रमवाला गेला. आता माझ्या वहीत सत्तर-पंचाहत्तर असतात. फादरांना ते शहाण्णव आठवतात. बबिता राहिली आहे. आजीच्या चालींना कीबोर्डवर सूर सापडत नाहीत म्हणून चिडते आणि पुन्हा शोधत बसते.

गेल्या महिन्यात बिशप आले. आदल्या दिवशी फादरांनी बिजलीबाईला विनवलं, "उद्या पाहुणे आहेत, बाई. शोमरोनी माणसाचं गाणं तीन कडव्यांतच आटपा."

त्या गाण्यात चोरांनी लुटून मारलेल्या वाटसरूला एक परका उचलतो, त्याची गोष्ट आहे.

"तिसऱ्या कडव्यात थो मानूस रस्त्यावर पडलेलाच हाये, फादर," ती म्हणाली. "तसाच टाकून येऊ?"

अकरा कडवी आहेत. अकराही झाली.