सयाजीचा कोयता

कुडपणच्या सयाजीला नांगरताना नारळाएवढा काळा, जड गोळा सापडला. पोलादपूरच्या लोहाराने भट्टीत तापवून त्याचा कोयता घडवला. चार पावसाळे गेले, तरी त्यावर गंज चढला नाही. ती ख्याती ऐकून १९३४ साली मुंबईहून एक प्राध्यापक घाट चढून आले.

त्यांनी कोयता घासून वर तेजाबाचा थेंब टाकला. काहीच उमटलं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"उरलेलं लोखंड आहे?"

सयाजीच्या बायकोने, बनुबाईने, दार अडवायला खाली ठेवलेला मुठीएवढा तुकडा आणला. लोहाराने तो न तापवताच परत दिला होता. तोही घासून त्यावर थेंब टाकताच सुपाच्या विणीसारख्या आडव्यातिडव्या रेषा उमटल्या.

"हे आभाळातून पडलेलं लोखंड, सयाजीराव. या रेषा जुळायला लाखो वर्षं लागतात. भट्टीत त्या पुसल्या जातात."

सयाजीने कोयता उचलून पाहिला. "लाखो वर्सांचं, नि मी एका दुपारात जाळलं?"

"अगो बाई! मी तर रोज पायानं सारत व्हते!" बनुबाईने कपाळावर हात मारला.

सयाजीने तुकडा फडक्यात गुंडाळून प्राध्यापकांच्या ओंजळीत ठेवला.

"घेऊन जावा, सायेब. पन जाताना लोहाराच्या दारावरनं जाऊ नका, त्याची भट्टी पेटलेली असती."