सासूच्या गुडघ्याखालचा कापूस

ये वं पोरी, अशी जवळ बस. सासरी गेली तं म्हाताऱ्या मायले विसरलीच काय? आज कोणी जवसाचं तेल तापवलं, अन् त्या वासानं मले माझी सासू आठवली. सात समुद्रापार कुठंशी लढाई पेटली म्हणून वऱ्हाडच्या कापसाले सोन्याचा भाव आला होता, त्या सालची गोष्ट. सासू आंगणात घसरून पडली अन् अंथरुणाले खिळली. "वेचणी सरायच्या आत मले उभी कर, एकडाव वावर पाहू दे," एवढंच म्हणे. शेजारची हाडं बसवणारी खाला सांगून गेली, "बेटी, पाय सरळ ठेव. दिवसातून तीनदा तेल लावून गुडघे हलव, रडली तरी हलव. आखडले तं मंग कोणी सरळ करत नाही." पण मी हात लावला की सासू ओरडे, "मारून राहिली काय वं मले? मायनं हेच शिकवलं काय?" मले कीव ये. घरभर कापूस होता. त्याचं मऊ गाठोडं करून मी तिच्या गुडघ्याखाली ठेवलं. "सून नाही वं, लेक हायेस तू माही," ती म्हणाली, अन् मी निर्धास्त वेचणीले जात राहिली. महिन्यानं गाठोडं काढलं, तं गुडघे तसेच वाकलेले. खालानं दाबून पाहिले अन् उठून गेली. सासू म्हणे, "उद्या हलव, उद्या मी रडत नाही." मी रोज तेल चोळलं, पण तिरडीवरही तिचे गुडघे वाकलेलेच होते. आता माझेही आखडून राहिले. सून मायाळू आहे, मी कण्हली की हात काढून घेते. तू कठोर मनाची आहेस. सासरी जाऊन तूच लवकर परत ये, बाई, अन् मी रडली तरी हलव.