बिबड्यांचं ऊन

दर उन्हाळ्यात धुळ्याच्या आमच्या दवाखान्यात मी तेच ते घोकवून घेते. बारा ते चार उन्हात जाऊ नका. तहान नसली तरी पाणी प्या. अंग तापलंय, कोरडं पडलंय आणि माणूस बरळतोय, तर त्याला झाकू नका. सावलीत घ्या, ओलं करा, वारा घाला, गाडी बोलवा. मी नर्स आहे. ताप आलेल्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असतो, "उन्हात होतात का?"

माझी माय भडगावजवळच्या खेड्यात राहायची. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे बिबड्यांचे दिवस. ज्वारीचं आंबवलेलं पीठ शिजवायचं, गच्चीवर ओल्या धोतरावर हातानं थापायचं आणि पापडासारखं वाळवायचं. लेकीकडे बिबड्यांचा डबा गेला नाही, तर मायला वर्ष फुकट गेल्यासारखं वाटे. त्यात मी लाडावलेली. गेल्या वर्षी दोन डबे हवेत म्हणून हट्ट धरला होता.

"ऊन कडक शे," एका सकाळी ती फोनवर खुशीत म्हणाली. "बठ्ठा बिबडा आजच वाळी जातीन."

ज्या उन्हाची मी लोकांना भीती घालत होते, त्याच उन्हावर ती खूश होती. मी हसले. बिबडे उलटायला ती भर दुपारी पुन्हा गच्चीवर जाणार, हे मला काय ठाऊक नव्हतं?

दोनच्या सुमारास आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. "तुन्ही मायले ताप शे. काहीबाही बोली ऱ्हायनी."

समोर पेशंटची रांग होती. "गोळी द्या, झोपू द्या. संध्याकाळी करते फोन," एवढं बोलून मी ठेवला. परक्यांना दिवसभर विचारते तो प्रश्न मी आबांना विचारला नाही.

आबांनी गोळी दिली. घाम फुटावा म्हणून गोधडी घातली, तिच्यावर आणखी एक. आमच्याकडे ताप असाच उतरवतात. शेजारीण डोकावली तेव्हा सगळं संपलं होतं.

बिबडे मात्र छान वाळले होते. तेराव्यानंतर आबांनी मला दोन्ही डबे भरून दिले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "मी गोधडी टाकी, म्हनीसन गयी ती." मी बाजूलाच गप्प बसलेली असे. भित्री मेली मी.

यंदा ऊन तापायच्या आधीच गावी गेले. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. गल्लीतल्या बायकांना गोळा करून बजावलं, की बिबडे उजाडताच थापायचे, दहाच्या आत घरात, आणि उलटायला ऊन कललं की जायचं. मग धीर करून आबांना सांगितलं, "चूक माझी होती. मी विचारायला हवं होतं. गोधडी काढा म्हणायला हवं होतं."

आबांनी कोपऱ्यातल्या गोधड्यांच्या चळतीकडे बघितलं.

"तू तर दूर व्हती, बेटा," ते म्हणाले. "गोधडी काढा, काढा, करे ती. मीच दाबी धरी."