नागसेनच्या नावाच्या चिठ्ठ्या

संघमित्राचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. लामत्याहून बालाघाटला जाणारी पहिली बस चुकली की दुसरीचा भरवसा नसे. म्हणून अंधारातच हापशीवरून पाणी आणायचं, आईसाठी भात-भाजी झाकून ठेवायची, आपला डबा भरायचा आणि निघायचं. आईचे, शेवंताबाईचे, गुडघे रोवणीत गेले होते. जन्मभर चिखलात वाकून दुसऱ्यांच्या बांधीत धान लावलं की गुडघे जातातच. त्यामुळे घरात कमावणारी एकटी संघमित्रा.

बसमध्ये नागसेन तिची जागा धरून ठेवी. तो तिच्याच वस्तीतला, चाळिशी ओलांडलेला. आधी एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर होता. तिथेच कॉम्प्युटर शिकला आणि पुढे बालाघाटात वीरेंद्रच्या ऑफिसात लागला. संघमित्राला तिथे चिकटवलं ते त्यानेच. "पोरगी कामाची हाय, सर," एवढंच तो बोलला होता, आणि तेवढ्यावर तिला नोकरी मिळाली होती.

ऑफिस म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं मालकासकट पाच. राईस मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं: कोणाची गाडी आली, किती वजन भरलं, धानात ओल किती, माल कोणत्या गोदामात गेला. महेंद्र आणि दीप्ती ते लिहीत, संघमित्रा तपासून पाही. बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि मिलच्या मुनीमांचे फोन घ्यायचे, हे नागसेनकडे.

हा सॉफ्टवेअरचा माल कधीच वेळेवर जात नसे. मागच्या साली नवं सॉफ्टवेअर मिलवर पोचलं तेव्हा निम्मं धान भरडून झालं होतं. दोन मिलवाले रायपूरच्या कंपनीकडे गेले. यंदा पोळ्याच्या सुमारास वीरेंद्रने संघमित्राला आत बोलावलं.

"यंदा दिवाळीच्या आधी माल गेला नाई, तर मी शटर पाडतो. समज. सगळ्यांचं काम तुह्या हातातून जाते. टाइम कुठं जाऊन राह्यला ते शोध."

तिने शोधलं. वर्षाचं सगळं काम एकदम देण्याची खोड पहिल्यांदा मोडली. जेवढं तयार तेवढं दर शुक्रवारी लालबर्र्याच्या एका मिलवर पाठवायचं. तिथला मुनीम शिव्या देईल, पण थोड्याशा कामाला थोड्याच शिव्या. चूक लगेच कळेल आणि लगेच निस्तरता येईल. दुसरं म्हणजे तिने भिंत मोकळी केली. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर काम लिहायचं आणि ते ज्याच्याकडे आहे त्याच्या भिंतीवरच्या नावापुढे ती चिकटवायची. काम पुढे सरकलं की चिठ्ठी पुढे सरकवायची. महेंद्र हसला.

"ताई, हे तं शाळेसारखं झालं. कोण हुशार, कोण ढ."

"तू तुही चिठ्ठी सरकव आधी," ती म्हणाली.

महिन्याभरात काम पळू लागलं. लालबर्र्याचा मुनीम स्वतः फोन करून विचारू लागला, या शुक्रवारी काय येणार. वीरेंद्र दिवसातून दहादा भिंतीपुढे उभा राहायचा. भिंतीवर चिठ्ठ्या सगळीकडे सरकत होत्या. फक्त नागसेनच्या नावापुढे त्या साचत होत्या.

का साचत होत्या, हे ऑफिसातल्या पोराटोरालाही ठाऊक होतं. त्या ऑफिसाची रीतच तशी. महेंद्रचं गाडं रुतलं की तो खुर्ची सरकवून म्हणे, "नागसेनभाऊ, जरा पाहा ना." दीप्तीचंही तेच. भाऊ पाहत, आणि काम भाऊंचं होऊन जाई. चिठ्ठी भाऊंच्या नावावर चढे. ती कोणाकडून आली हे कुठेच लिहिलेलं नसे. तशी जागाच संघमित्राने चिठ्ठीवर ठेवली नव्हती.

तिला वाटलं, ढीग दिसतोच आहे, आता मदत येईल. सुट्ट्यांत तिने आईसोबत रोवणी केली होती. बायांच्या ओळीत एखादीचा हात मंद झाला की दोन्ही बाजूच्या बाया तिच्या वाट्याची चार रोपं लावून टाकतात. कोणी सांगत नाही, कोणी आभार मानत नाही. ओळ वाकडी होत नाही, बस. मागे पडलेली बाई दिसणं म्हणजेच तिला हात देणं. याहून वेगळं काही होऊ शकतं, हे तिने पाहिलेलंच नव्हतं.

म्हणून सोमवारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, तिने नागसेनच्या नावावर बोट ठेवलं.

"सर, काम इथं अडते. इथं हात द्या लागते."

वीरेंद्रने मोबाईल काढला आणि भिंतीचा फोटो घेतला. महेंद्र आपल्या नखांकडे पाहत होता. दीप्तीने पाण्याची बाटली उघडली, पण पाणी प्यायली नाही. नागसेन म्हणाला, "हौ, अडते खरं." आणि फोन वाजला म्हणून उठून गेला.

त्याच आठवड्यात वीरेंद्रने नागसेनला सांगितलं, महिनाअखेरपर्यंत या, पुढे येऊ नका. संघमित्राला हे परतीच्या बसमध्ये कळलं.

"काहून?" तिने विचारलं.

"भिंतीवर दिसतेच नं."

"मी मदत द्या म्हणली होती, भाऊ."

"मले मालूम हाय तू काय म्हणली ते." तो खिडकीबाहेर पाहत होता. "तुले काई म्हणून नाई राह्यलो मी. डबा घसरून राह्यला तुहा, नीट धर."

दुसऱ्या दिवशी ती वीरेंद्रपुढे उभी राहिली. त्या चिठ्ठ्या भाऊंच्या नाहीत, सगळ्यांच्या आहेत, हे तिने एक-एक चिठ्ठी दाखवून सांगितलं. वीरेंद्रने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, घाईतला होता.

"मदत म्हणजे आणखी एक माणूस. तो कुठून आणू? अन् पोरांना सवय लागली त्याच्यावर टाकायची. तो गेला का आपलं आपण करतील. तूच तं दाखवलं मले."

"महेंद्रले विचारा, सर."

महेंद्रला बोलावलं. तो दारात उभा राहून म्हणाला, "मी काय सांगू, सर. तुम्ही पाहा." त्याच्या घरी लहान पोर होतं. संघमित्राने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

माल दिवाळीच्या आधी गेला. कटंगीची मिलही गिऱ्हाईक झाली. वीरेंद्रने पेढे वाटले आणि संघमित्राचा पगार वाढवला. ती वाढ कोणाच्या ताटातली, हे तिला कळत होतं. नको म्हणावं असं तोंडापर्यंत आलं. आईची गुडघ्याची गोळी आठवली. तिने पेढा उचलला.

पोरं आपलं आपण करतील असं वीरेंद्र म्हणाला होता. तसं झालं नाही. पेढ्यांचं खोकं टेबलावर होतं तेव्हाच महेंद्र खुर्ची सरकवत आला. "ताई, जरा पाहा ना." मुनीमांचे फोनही तिच्याकडे वळले. संध्याकाळची बस चुकू लागली. भिंतीवर आता तिच्या नावापुढे चिठ्ठ्या साचत होत्या, आणि जाता-येता वीरेंद्र त्यांच्याकडे पाहत होता.

नागसेनने बालाघाटातल्या दोन-तीन दुकानांत विचारून पाहिलं. कॉम्प्युटरवर बसायला त्यांना विशीतली पोरं हवी होती. मिलच्या काट्यावर त्याचीच जागा आता त्याच्या हातच्या सॉफ्टवेअरने घेतली होती. शेवटी तो मँगनीजच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे लागला. दगड वेचायचे, टोपलीत भरायचे, टोपली गाडीत रिकामी करायची. पंधरा वर्षं खुर्चीवर बसलेल्या पाठीला हे काम महिन्याभरात काय करतं, ते केल्याशिवाय कळत नाही. ठेकेदाराचा नियम, बूट ज्याचे त्याने आणायचे. नागसेन चपलेवर गेला. दगड पडून अंगठ्याचं नख काळं झालं. त्याची बायको पौर्णिमा हे हापशीवर सांगत होती, संघमित्राची बादली भरेपर्यंत. संघमित्रावर तिने एका शब्दाचाही ठपका ठेवला नाही. ठेवला असता तर बरं झालं असतं.

वाढलेला पगार हाती आला त्या रविवारी संघमित्रा नागसेनच्या घरी गेली. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता. तिने खोकं समोर ठेवलं.

"काय आणलं?"

"पाहा घालून."

त्याने खोकं उघडलं. खाणीवरचे बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले. त्याने काळ्या नखाचा पाय हळूच आत सारला, नाडी आवळली आणि उभा राहून दोन पावलं टाकली.

"बरोबर बसले," तो म्हणाला. "उद्या पहाटची पाळी हाय."